दारू-सिगारेटवरचा कर: आरोग्यासाठी की तिजोरीसाठी?

वजाबाकी:
दारू, तंबाखू, शीतपेयं यांवरचं उत्पादन शुल्क वाढवताना कुठल्याही देशाचा अर्थमंत्री जनतेच्या आरोग्याचा हवाला देतो. मला ही निव्वळ धूळफेक वाटते. जपानचंच बघा. तिथे बिअरवरचा कर बराच काळ माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) प्रमाणावर ठरायचा. मग कंपन्यांनी माल्ट कमी करून 'हाप्पोशू' आणलं. सरकारने त्यावरही कर वाढवला, तेव्हा वाटाण्याच्या प्रथिनापासून बिनमाल्टची 'बिअर' निघाली! २०२० पर्यंत ३५० मिलीच्या कॅनवर अस्सल बिअरला ७७ येन कर आणि या तिसऱ्या प्रकाराला २८. अल्कोहोल जवळपास सारखंच. आता ऑक्टोबर २०२६ पासून सगळ्यांना एकच दर, ५४.२५ येन. म्हणजे बिअरचा कर उतरणार, स्वस्त पेयाचा चढणार. यात यकृताचा विचार कोणी केला?

कडूगोड:
जपानचा तो कर आरोग्यासाठी होता असं म्हणालं कोण? माल्टवर कर लावलात तर लोक माल्ट टाळणार, दारू कशाला टाळतील?

ब्रिटनने नेमकं उलट केलं. सुरुवातीचे दर असे होते: शीतपेयात १०० मिलीमागे ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर शुल्क शून्य, ५ ते ८ ग्रॅमला लिटरमागे १८ पेन्स, ८ पासून वर २४. घोषणा २०१६ साली, अंमल एप्रिल २०१८ पासून. मधल्या दोन वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी मुकाट्याने साखर पाचाच्या खाली आणली. तिजोरीत सुरुवातीच्या अंदाजापेक्षा खूपच कमी पैसे आले. इथे पळवाट मुद्दामच ठेवली होती, आणि ती साखर कमी करूनच गाठता येत होती.

वेशीपलीकडे:
तुम्ही दोघंही सीमा विसरताय. डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये संपृक्त चरबीवर किलोमागे १६ क्रोनर कर लावला. लोणी, चीज, मांस सगळं महाग झालं. लोक गाडी काढून जर्मनीत खरेदीला जायला लागले, आणि जानेवारी २०१३ पासून कर गेला. एस्टोनियाने २०१७ मध्ये बिअरचा कर दणकून वाढवला, तर गिऱ्हाईक लात्वियाच्या हद्दीवरच्या दुकानांत! जुलै २०१९ मध्ये दर पाव हिश्श्याने खाली आणावा लागला. शेजाऱ्याचा दर न बघता कर लावणं म्हणजे शेजाऱ्याचा धंदा वाढवणं.

कडूगोड:
@वेशीपलीकडे, शेजाऱ्याला घाबरून काय होतं तेही सांगा की. एस्टोनिया युरोपीय संघात येणार, मग लोक तिथून स्वस्त दारू आणणार, म्हणून फिनलंडने मार्च २००४ मध्ये दारूवरचा कर सरासरी एक तृतीयांश कापला. दारूने होणारे मृत्यू त्याच वर्षी वाढले. कर कमी केल्यावर जीव जात असतील तर त्याचा आरोग्याशी संबंध नाही असं कसं म्हणणार?

वजाबाकी:
आणि कर वाढवत नेला तर? ऑस्ट्रेलियाने २०१३ ते २०२० दरवर्षी तंबाखूवरचा कर १२.५ टक्क्यांनी वाढवला. आता बेकायदा सिगारेटींचा सुळसुळाट आहे. मेलबर्नमध्ये टोळ्या तंबाखूची दुकानं जाळतात. वसुली २०१९-२० नंतर घसरत गेली. पाकिटामागचा कर झाडूवाल्यालाही तेवढाच आणि बँकेच्या अध्यक्षालाही तेवढाच, हे वेगळंच.

हिशेबनीस:
दर ठरावीक रकमेत ठेवला की महागाई तो खाऊन टाकते, हेही बघा. अमेरिकेचा पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनला १८.४ सेंट, १९९३ पासून तसाच! किमतीच्या टक्क्यात लावला तर कंपन्या स्वस्त ब्रँड पुढे करतात. म्हणून सिगारेटवर बरेच देश दोन्ही एकत्र लावतात. गरिबांचं म्हणाल तर फिलिपिन्सने २०१२ च्या कायद्याने दारू-तंबाखूच्या वाढीव वसुलीचा मोठा वाटा गरिबांच्या आरोग्य विम्याकडे वळवला.

कडूगोड:
@वजाबाकी, ऑस्ट्रेलियात सिगारेट ओढणारेही कमी झालेत. घटलेली सगळी वसुली टोळ्यांच्या खिशात गेलेली नाही.

वजाबाकी:
सगळी नाही, मान्य. पण दुकानं जाळण्याइतकी नक्कीच गेली आहे.