गोधडी गॅलरीत टांगली, पण टाके घालणारीचं नाव कुठंय?

गिरणगावची लेक:
रविवारी काळा घोड्याला एका गॅलरीत आर्ट क्विल्टचं प्रदर्शन बघून आले, म्हणजे आजच्या चित्रकारांच्या गोधड्या, भिंतीवर टांगलेल्या. कामं सुंदर आहेत हे आधीच सांगते. एक मोठी गोधडी होती, जुन्या सुती चादरी आणि खाकी युनिफॉर्मचे तुकडे जोडलेली, वर पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा, मी दहा मिनिटं तिथेच उभी. कडेपासून सुरू झालेला टाका चौकोनात चौकोन करत मधे येतो, अगदी माझी आजी घालायची तसा. आणि एका कोपऱ्यात हात बदललेला दिसतो! तिथपर्यंत टाके तांदळाच्या दाण्याएवढे, मग एकदम लांब नि किंचित तिरके. दोघीजणी समोरासमोर बसून शिवत होत्या हे कापडच सांगतंय. पाटीवर मात्र एकच नाव, चित्रकाराचं, आणि खाली 'सुती कापड, हातशिलाई'. हात कोणाचे? विचारलं तर म्हणाले गावाकडच्या बायकांकडून शिवून घेतलंय, नावं आमच्याकडे नाहीत. माझं म्हणणं एवढंच, टाके घालणारीचं नाव पाटीवर पाहिजे, चित्रकाराच्या नावाशेजारी, त्याच टाइपात.

प्रभादेवीकर:
नाही पटलं. कल्पना चित्रकाराची, रंग कुठला कशाशेजारी बसवायचा हा निर्णय त्याचा, पडलं तर नावही त्याचंच पडणार. ब्राँझचा पुतळा फाउंड्रीत ओततात, खाली सही शिल्पकाराचीच असते ना? शिवणाऱ्या बायकांना ठरलेली मजुरी वेळेवर मिळाली का हा खरा प्रश्न, तो जरूर विचारा. पण मजुरी आणि कर्तृत्व यांची सरमिसळ केली तर उद्या फ्रेमवाल्याचंही नाव लिहावं लागेल.

गिरणगावची लेक:
पुतळा ओतणाऱ्याला नाक बदलता येत नाही हो, साचा ठरलेला असतो. गोधडीचं तसं नाही. दोरा किती ओढला त्यावर कापड आकसतं, मधे फुगवटे येतात, तोच तर तिचा पोत, आणि तो शिवणारीच्या मनगटात असतो, कागदावरच्या डिझाइनमधे नसतो. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममधे 1971 साली अमेरिकन क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर लावले, ते प्रदर्शन फार गाजलं, पण शिवणाऱ्या बहुतेक बायका निनावीच राहिल्या. तेव्हाचं समजू शकते, जुने क्विल्ट, माणसं कधीच गेलेली. इथे तर त्या बायका जिवंत आहेत, एक फोन केला की नाव कळेल!

सुईदोरा:
ताई, अगदी मनातलं बोललात. आम्ही वाकळ म्हणतो, साताऱ्याकडे. आईने नऊवारी लुगड्यांची शिवलेली अजून आहे माझ्याकडे, कुठला तुकडा कोणाच्या लुगड्याचा हे तिला शेवटपर्यंत पाठ होतं, बोहारणीला तिने कधी जुनं लुगडं दिलं नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंद शिवतात, त्याच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुलं लावतात, ती नसतील तर कवंद उघडी आहे असं मानतात. कोणी शिवलं ते त्यांच्यातल्या बायका बघून ओळखतात. आपल्याला ओळखता येत नाही म्हणून तर पाटी हवी.

भायखळा ते बोरिवली:
मला भिंतीवर टांगणंच खटकतं. गोधडी अंगावर घ्यायची वस्तू, तिच्यासमोर दोरी बांधून 'हात लावू नये' कशाला?

कापडवाली:
हे माझं रोजचं काम आहे म्हणून सांगते. हाताचा घाम आणि तेल सुतात मुरतं, डाग मागाहून दिसतो. उजेडसुद्धा कापडावर साधारण 50 लक्सच्या वर ठेवत नाहीत, रंग उडतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात बुरशीची भीती वेगळीच. टांगायचं तर मागून वरच्या काठाला कापडी नेफा शिवून त्यातून दांडी घालतात म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं. हात लावायचा असेल तर वेगळा नमुना ठेवा, मूळ नको.

डोंबिवली फास्ट:
नावाचा आग्रह बरोबर आहे पण तिथे थांबू नका. अलाबामातल्या जीज बेंडच्या काळ्या बायका, शेतावरच्या फाटक्या कपड्यांचे क्विल्ट करणाऱ्या, त्यांचं प्रदर्शन 2002 मधे ह्यूस्टनला आणि मग व्हिटनीला झालं, नावानिशी झालं. 2006 साली त्यांच्या क्विल्टची पोस्टाची तिकिटं निघाली. आणि 2007 मधे त्यांच्यातल्याच काहीजणींना आपल्या हक्काच्या पैशासाठी कोर्टात जावं लागलं, पुढच्या वर्षी तडजोड झाली. नाव मिळालं म्हणजे पैसा मिळाला असं नाही. गोधडी पुन्हा विकली गेली, प्रिंट निघाले, तर शिवणारीला वाटा किती हे आधी कागदावर यायला हवं.

प्रभादेवीकर:
हा मुद्दा मान्य, करार हवाच. नावही घाला, पण खाली 'शिवणकाम सहाय्य' म्हणून. शेजारी नको, त्याने बघणाऱ्याला वाटेल कल्पना दोघांची.

गिरणगावची लेक:
'सहाय्य' नका म्हणू, बाकी काहीही म्हणा. शंभर तास जमिनीवर बसून, पाठ मोडून कोणी सहाय्य करत नाही, काम करतं. आणि डोंबिवली फास्ट म्हणतात ते खरंच आहे, पण ज्या बाईचं नावच नोंदलेलं नाही तिला वाटा देणार कसा? मी शनिवारी परत जातेय. अभिप्रायाच्या वहीत हे लिहिणार, आणि लांब तिरके टाके खाकी तुकड्याच्या डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यात आहेत, तेही लिहिणार.