चर्चा: शिकारीच्या मोहिमेत ड्रॅगन पहिल्याच सत्रात दिसावा का?

मचाणवाला (धागाकर्ता)

माझ्या चार खेळाडूंनी या वेळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून, पात्रे होऊन खेळायच्या कथाखेळात निव्वळ ड्रॅगनच्या शिकारीची मोहीम हवी अशी मागणी केली. आखणीला बसल्यावर लक्षात आले की आपण डीएम (खेळ चालवणारी, कथा सांगणारी) मंडळी ड्रॅगनला बहुधा शेवटच्या दालनात बसवून ठेवतो. पात्रे वर्षभर गोब्लिन (किरकोळ राक्षस) मारत तिथवर पोहोचतात आणि तो जणू त्यांचीच वाट पाहत सोन्याच्या ढिगावर पडलेला असतो. याला शिकार म्हणवत नाही. शिकारीत माग असतो, मचाण असते, हाका असतो आणि सावजालाही शिकाऱ्याची चाहूल लागू शकते.

म्हणून माझे मत असे की मोहीम ड्रॅगनच्या बाजूने आखावी. तो राहतो कुठे, किती दिवसांनी भक्ष्यासाठी बाहेर पडतो, कोणत्या वाटेने परततो, हे आधी ठरवावे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार प्रौढ लाल ड्रॅगनच्या गुहेभोवती 6 मैलांपर्यंत भूकंपाचे हलके धक्के बसत राहतात, आणि 1 मैलाच्या आतले पाणी कोमट होऊन त्याला गंधकाचा वास येतो. माझे पहिले सत्र याच पाण्यावर उभे आहे. एक बाई विहिरीतून पोहरा वर काढते, त्याला हात लावताच दचकून मागे घेते, आणि पाणी पुढे ठेवले तर शेळी तोंड फिरवते. ड्रॅगन हा शब्द कोणीही उच्चारत नाही. आसपासच्या विहिरींपैकी कोणती गार आणि कोणती कोमट, हे नकाशावर मांडले की गुहेचा परीघ खेळाडू स्वतःच काढतात. सत्राच्या शेवटी मात्र तो एकदा दिसावा: दूरवर, पंजात गाय घेऊन डोंगराकडे वळताना.

वीसपैलू

धागाकर्त्यांशी असहमत. विहिरीचा प्रसंग सुरेख आहे, पण ड्रॅगन दाखवण्याची घाई महागात पडेल, कारण दिसला की खेळाडू त्याच्यावर धावून जातात. हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. मग पुढे काय होते ते आकड्यांत पाहू. दहाव्या लेव्हलचा (पातळीचा), बऱ्यापैकी काटक विझार्ड (जादूगार) धरला तरी त्याचे हिट पॉइंट, म्हणजे तो सोसू शकेल तेवढे नुकसान, साधारण 62 असतात. प्रौढ लाल ड्रॅगनच्या अग्निश्वासाला 18 सहापैलू फासे टाकायचे असतात, त्यांची सरासरी 63. ही ज्वाला 60 फुटांचा शंकू व्यापते. बचावासाठी वीसपैलू फासा टाकून 21 गाठावे लागतात. म्हणजे चपळाईचे 2 गुण मिळवूनही फाशावर 19 किंवा 20 पडले तरच नुकसान निम्म्यावर येते. ही दहाव्या लेव्हलची कथा आहे. पहिल्या लेव्हलच्या पात्रांबद्दल बोलायलाच नको.

शिवाय आपण म्हणता तसा तो खरोखर सावजासारखा सावध वागला, तर एका फेरीत 80 फूट उडणारा प्राणी जमिनीवर उतरेलच कशाला? तो वरून आग ओकेल, निघून जाईल, श्वास पुन्हा भरला की परत येईल. डीएमने ड्रॅगन प्रामाणिकपणे चालवला तर मोहीम तिसऱ्या सत्रात संपते, आणि हातचे राखून चालवला तर खेळाडूंना ते कळते. शेवटचे दालन ही पळवाट असेल, पण तिथे निदान डोक्यावर छत असते.

मचाणवाला

आकडे मान्य आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. आमनेसामने लढून निभाव लागत नाही, म्हणूनच शिकारीची तयारी करावी लागते. गावकऱ्यांना हाताशी धरून डोंगराच्या खिंडीत बॅलिस्टा (भले मोठे बाण सोडणारे यंत्र) बसवणे हे खेळाडूंचे चार-पाच सत्रांचे काम आहे, आणि मोहिमेचा गाभाही तेच आहे.

वीसपैलू

बॅलिस्टाचाही हिशेब करून पाहावा. भरणे, नेम धरणे आणि सोडणे या तीन स्वतंत्र कृती आहेत. वीसपैलू फाशाला 6 मिळवून ड्रॅगनच्या चिलखताचा आकडा, 19, गाठायचा, म्हणजे शंभरात चाळीस बाण लागणार. प्रत्येक बाणाचे सरासरी नुकसान 16 ते 17 आणि ड्रॅगनचे हिट पॉइंट 256. याचा अर्थ 16 बाण लागायला हवेत, म्हणजे सुमारे 40 सोडायला हवेत. तेवढा वेळ तो खिंडीत घिरट्या घालत बसेल, असे आपल्याला वाटते का?

कोमट विहीर

दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट निसटते आहे. लाल ड्रॅगनची बुद्धिमत्ता 16 आहे, म्हणजे तो बहुतेक पात्रांहून हुशार आहे, आणि तो बोलतो. खिंडीत सुतारकाम सुरू झाले की दुसऱ्या दिवशी तो गावात येऊन सरपंचालाच विचारेल की हे कोणासाठी चालले आहे. ज्याच्याशी वाटाघाटी करता येतात त्याच्याबाबत शिकार हा शब्दच मला पटत नाही. हे युद्ध आहे, आणि त्याची आखणी हेर, फितुरी आणि खंडणी धरूनच करावी लागेल. मला विचाराल तर अशी मोहीम अधिक रंगेल. एक व्यावहारिक प्रश्नही आहे: इतका हुशार प्राणी धोका दिसताच गुहा सोडून गेला, तर सातव्या सत्रात खेळाडूंनी करायचे काय?

मचाणवाला

हा प्रश्न मलाही छळत होता, आणि त्याचे उत्तर खजिन्याच्या वजनात सापडले. नियमांप्रमाणे 50 नाण्यांचे वजन 1 पौंड. प्रौढ लाल ड्रॅगनची ताकद 27 आणि आकार प्रचंड, म्हणून तो 1,620 पौंड, म्हणजेच 81,000 नाणी उचलू शकतो. गुहेत 2 लाख नाणी ठेवली की त्याला किमान तीन खेपा कराव्या लागतात. लाल ड्रॅगन लोभी. तो खजिना टाकून जाणार नाही. तेव्हा पात्रांनी त्याला मारायला न जाता आधी घाबरवावे, म्हणजे हाका घालावा. ओझ्याने वाकलेला ड्रॅगन त्याच वाटेने तीनदा जाणार हे ठाऊक असेल, तर मचाण कुठे बांधायचे हेही ठरते. बॅलिस्टाने त्याला मारायचेच नाही, फक्त ओझे टाकायला लावायचे. खाली सांडलेले सोने गोळा करायला तो जमिनीवर उतरेल. माझ्या मते वीसपैलू यांच्या आक्षेपाचेही उत्तर यात आहे.

वीसपैलू

खेपांची कल्पना उत्तम आहे आणि ती मी बिनदिक्कत उचलणार आहे. पहिल्या सत्रात ड्रॅगन दाखवण्याला माझा विरोध मात्र कायम आहे. फार तर त्याची सावली शेतावरून सरकू द्यावी. आणि तो पहिली खेप घेऊन गेल्यावर मागे राहिलेल्या 1 लाख 19 हजार नाण्यांपाशी राखणीला कोण असते, हे आपण अद्याप लिहिलेले नाही. माझे खेळाडू खिंडीत न थांबता थेट तिथेच जातील.