मदत हवीये: कॅनीच्या लढाईतले हॅनिबलचे आफ्रिकन सैनिक कसे रंगवू?

मंडळी, भाच्यासोबत कॅनीच्या लढाईचं (इ.स.पू. 216, इटलीत रोम विरुद्ध उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, हॅनिबल हा कार्थेजचा सेनापती) मॉडेल करतोय, मातीचे सैनिक झालेत पण रंगवताना गाडी अडकलीये. रोमन बाजू तशी सोपी, ज्याच्याकडे थोडीफार मालमत्ता त्यानेच सैन्यात यायचं आणि शस्त्रं स्वतःच्या खर्चाने, म्हणजे ऐपतवाल्याच्या अंगात लोखंडी कड्यांचं चिलखत आणि बाकीच्यांच्या छातीवर नुसता वीतभर काशाचा पत्रा!

कार्थेजकडे मात्र सगळी खिचडी. लिबियाचं पायदळ, नुमिडियाचे (हाही उत्तर आफ्रिकेतलाच प्रदेश) लगाम न लावता घोडा पळवणारे स्वार, बॅलेरिक बेटांवरचे गोफणवाले, जांभळ्या काठाचे आखूड अंगरखे घातलेले स्पॅनिश, उघडेबंब गॉल टोळीवाले. हे सगळे आपापली हत्यारं घेऊन आलेले, तिथपर्यंत ठीक.

पण आदल्या वर्षी ट्रॅसिमीन तळ्याकाठी रोमनांना झोडपल्यावर हॅनिबलने तिथली लुटलेली शस्त्रं आपल्या आफ्रिकन पायदळाला दिली ना, मग कॅनीत ते लांबून रोमनच दिसत असणार. तर त्यांना फक्त ढाल नि चिलखत दाखवू की रोमन फेकभाला आणि तलवार पण हातात देऊ? भाचा म्हणतो लांब भाले दे, मला ते पटत नाहीये.

अजून एक, कॅनीत हरल्यानंतर रोमने 8000 गुलाम सरकारी पैशाने विकत घेऊन भरती केले आणि देवळांत टांगलेली जुनी लुटीची शस्त्रंसुद्धा उतरवली, त्या गुलामांच्या पेहरावाबद्दल कोणी वाचलंय का? रविवारपर्यंत सांगितलंत तर बरं, रंग सुकायलाही वेळ लागतो.