चाकणला दुसरी मुलाखत, प्लांट हेडसमोर. काय तयारी करू?

मायक्रॉन_भोसरी:
नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकल डिप्लोमा, भोसरीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये चार वर्षं क्वालिटीला आहे. इनकमिंग आणि फायनल इन्स्पेक्शन दोन्ही माझ्याकडेच. मंगळवारी चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत पहिला राउंड झाला. सेव्हन क्यूसी टूल्स, पीपीएपी, सीपी आणि सीपीकेमधला फरक, एट-डी, असे क्वालिटीचे नेहमीचे प्रश्न होते, सगळं नीट सांगता आलं. आज फोन आला, शुक्रवारी दहाला या, प्लांट हेड भेटतील, अर्धा दिवस मोकळा ठेवा. अर्धा दिवस कशाला? पुन्हा तेच विचारतील की पगाराचं बोलतील? आमच्याकडे सीएमएम (कॉम्प्युटरला जोडलेलं मोजमापाचं मशीन) नाही, सगळं हाइट गेज (उंची मोजणारं) आणि बोअर गेजवर (भोकाचा व्यास मोजणारं) चालतं. त्याचीच धास्ती वाटते. घरात अशा नोकरीत मी पहिलीच, विचारायला कोणी नाही.

टूलरूमवाला:
ताई, अर्धा दिवस म्हणजे लाइनवर नेणार. व्याख्या विचारून झाल्या, आता त्यांना तुमचे हात बघायचेत.

माझी अशीच दुसरी मुलाखत 2011 साली झाली. प्लांट हेडनी केबिनमध्ये बसवलंच नाही. रिजेक्शनच्या लाल क्रेटमधून पातळ भिंतीचा एक बुश (आरपार भोकाची छोटी नळी) काढून हातात दिला, सोबत बोअर गेज आणि प्लग गेज (भोकात घालून बघायचा दांडा). म्हणाले, "बघा काय झालंय." मी बोअर गेज फिरवून फिरवून मोजलं, सगळीकडे माप सारखं, टॉलरन्सच्या आत. पण प्लग गेजचं आत जायलाच हवं ते गो टोक काही आत जाईना. घाम फुटला. पाच मिनिटं मी गप्प. मग बुश प्रकाशात धरला, तर बाहेरच्या अंगाला चकच्या (मशीनवर जॉब धरणाऱ्या पकडीच्या) जबड्यांचे तीन पुसट वळ दिसले. म्हटलं, "सर, खात्रीनं सांगता येत नाही, पण हा थ्री-जॉ चकमध्ये जास्त आवळून बोअर केलाय का, ते सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) विचारावं लागेल." तेच होतं. जबडे सुटले की पातळ जॉब मूळ आकारात यायला बघतो आणि बोअर तीन कोनांचा होतो. दोन टोकांनी मोजणाऱ्या गेजला ते कळत नाही, तीन टेकूंच्या गेजला कळतं.

पुढे त्याच साहेबांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. त्यांनी मला नंतर सांगितलं, उत्तर आलं नसतं तरी चाललं असतं, "सेटरला विचारेन" म्हणालास तिथेच ठरलं होतं.

आता मीच मुलाखती घेतो म्हणून सांगतो. सीएमएम नाही हे लपवू नका. सकाळी बोअर गेज सेटिंग रिंगवर (ठरलेल्या मापाच्या कड्यावर) शून्य कसा करता, दोन ऑपरेटरांच्या मापात फरक आला तर काय करता, हे सांगा. गेज आर अँड आर (मोजणीतच किती फरक पडतो याची चाचणी) कधी केला असेल तर किती टक्के आला ते आठवून ठेवा. 10 च्या आत असेल तर उत्तमच, 30 च्या वर असेल तर ती मोजणी कामाची नाही, मग तुम्ही काय केलंत ते विचारतीलच. आणि तुमच्या हातून सुटून कस्टमरकडे गेलेला एखादा लॉट असेलच, सगळ्यांचा असतो. तो पहिल्या फोनपासून शेवटच्या सॉर्टिंगपर्यंत जसाच्या तसा सांगा. "आमच्याकडे असं कधी झालं नाही" म्हणणाऱ्याला मी घेत नाही.

सविता_एचआर:
दादांनी कामाचं सांगितलंय, मी बाकीचं सांगते. पायात बंद बूट घाला, सँडल असेल तर गेटवरच अडतं. पगाराचं बोलणं बहुधा शेवटी एचआरकडे होईल. सीटीसीच्या (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आकड्यावर हो म्हणू नका, महिन्याला हातात किती ते विचारा. बेसिक 20,000 असेल तर ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के, म्हणजे महिना 962 रुपये, त्यात धरलेले असतात. कायम नोकरीत ते साधारण पाच वर्षं झाल्यावर मिळतात. पीएफचा कंपनीचा हिस्सासुद्धा त्याच आकड्यात असतो. लग्नाचं विचारलं तर गडबडू नकोस, कामाच्या वेळा मला जमतील एवढंच सांग. आणि दुसऱ्या पाळीला बस कुठपर्यंत सोडते, हे तू विचार. ते विचारण्यात कमीपणा नाही.

मायक्रॉन_भोसरी:
जाऊन आले. दादा, बुश नव्हता, पण तुटलेला टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) अडकलेलं हाउसिंग हातात दिलं! तो का तुटला ते मला ओळखता आलं नाही, तसं सांगितलं, आणि आधी ड्रिलचा साइज तपासेन असं मी म्हणाले. मग कस्टमरकडे गेलेल्या लॉटचं विचारलंच. 2023 च्या दिवाळीआधी आमचे 340 नग परत आले होते, चॅम्फर (कडेची तिरपी उतरण) राहिला होता. दोन रात्री मी आणि दोन हेल्परनी सॉर्टिंग केलं, तेव्हापासून चॅम्फरचा फोटो त्या मशीनवर चिकटवलाय. साहेबांनी फोटो कोणी काढला विचारलं. मीच काढला होता, फोनमध्ये होता, दाखवला. बराच वेळ बघत होते.

पत्र अजून यायचंय. सविताताई, बस मोशीपर्यंत आहे. तिथून घर दहा मिनिटं.