ख्रिस्ती शिक्षिकेने उत्क्रांतीचा धडा कसा शिकवावा?

विश्वामित्रीकाठी :

मी बडोद्यातील एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. आमचे घराणे मूळचे अहमदनगरचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. घरी रोज बायबल वाचले जाते आणि रविवारची उपासना सहसा चुकत नाही. गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीतील एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला थांबवून विचारले की, देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली असे सांगणाऱ्या, बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावर विश्वास ठेवणारी स्त्री मुलांना उत्क्रांती कशी शिकवू शकते. आणि शिकवावीच लागत असेल, तर 'हे केवळ काही शास्त्रज्ञांचे मत आहे' एवढे एक वाक्य ती शेवटी का जोडत नाही. ते वाक्य मी जोडणार नाही, आणि त्याचे कारण माझ्या श्रद्धेतच आहे, हे मला येथे मांडायचे आहे.

कमाटीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आहे. बडोद्यातील प्रत्येक मुलाने तो पाहिलेला असतो, पण त्याच्याकडे पाहायचे कसे हे फारसे कोणी सांगत नाही. देवमाशाचा पुढचा पर बाहेरून वल्ह्यासारखा दिसला, तरी आत दंडाचे हाड, त्यापुढची दोन हाडे, मनगट आणि बोटे असतात, म्हणजे आपल्या हाताचीच रचना. मागचे पाय नसतात, पण कटीच्या हाडांचे छोटे अवशेष शरीरात खोलवर शिल्लक असतात. आता आपल्याच राज्यातील कच्छकडे वळू. तेथे चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या देवमाशांचे जीवाश्म सापडले आहेत. त्यांपैकी 2000 साली वर्णन झालेल्या एकाला कच्छिसेटस हे नाव मिळाले. या प्राचीन देवमाशांना चार पाय होते. बागेतला सांगाडा आणि कच्छचा खडक एकमेकांची साक्ष पटवतात, आणि ती साक्ष मुलांसमोर ठेवल्यावर 'हे केवळ मत आहे' असे म्हणणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड दाबणे होय. दहा आज्ञांमध्ये खोटी साक्ष देऊ नये अशीही एक आज्ञा आहे. ती वर्गात लागू होत नाही असे मला कोणी दाखवून द्यावे.

एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकातून 2023 साली उत्क्रांतीचा भाग गेला आणि 'आनुवंशिकता' एवढाच धडा राहिला. त्या वेळी 1800 हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी निषेधाचे पत्र काढले होते. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, परंतु दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेकडे जाणाऱ्या मुलांच्या कानावर तो कधीच पडणार नाही. म्हणून मी दहावीला स्वतःहून दोन तासिका त्यासाठी राखून ठेवते.

फतेगंजचा रहिवासी :

बाईंच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. मीही ख्रिस्ती आहे, कॅथलिक आहे, आणि पृथ्वी सहा दिवसांत घडली असा हट्ट मी धरत नाही. आमच्या धर्मसभेने तो कधीच सक्तीचा केला नाही. पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी 1996 साली उत्क्रांती ही केवळ एक कल्पना राहिलेली नाही असे स्पष्ट सांगितले. परंतु हेच प्रमाण मानणारे लोक 1950 साल विसरतात. त्या वर्षीच्या परिपत्रकात पोप बाराव्या पायस यांनी मानवी देहाच्या उगमाविषयी संशोधनाला मुभा दिली, आणि त्याच वेळी दोन मर्यादा घातल्या : आत्मा थेट देवच निर्माण करतो, आणि मानवजातीचे मूळ एका आदामाऐवजी अनेक पूर्वजांत आहे असे मत विश्वासणाऱ्याने मोकळेपणाने धरू नये.

आता बाईंनी उत्तर द्यावे. आजच्या माणसांतील जनुकीय वैविध्य पाहता आपले पूर्वज एक जोडपे नसून हजारोंच्या संख्येने होते, असे अनुवंशशास्त्र सांगते. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की, एका माणसामुळे पाप व पापामुळे मरण जगात आले, आणि एकामुळेच, म्हणजे ख्रिस्तामुळे, तारण आले. पहिला 'एक' काढून घेतला, तर दुसरा कशावर उभा राहतो? आणि मरण जर कोट्यवधी वर्षे आधीपासूनच चालू होते, तर ते पापाचे वेतन कसे? देवमाशाच्या हाडांनी हा प्रश्न सुटत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती तो देऊन तासिका संपली म्हणून निघून जाणे मला जबाबदारीचे वाटत नाही.

दांडियाबाजारकर :

मी कोणताही धर्म मानत नाही, त्यामुळे माझी हरकत नेमकी उलट बाजूची आहे. बाई उत्क्रांती शिकवतात हे उत्तमच. पण आपण ती श्रद्धेमुळे शिकवतो असे सांगून त्या श्रद्धेला न शोभणारे श्रेय देत आहेत. नैसर्गिक निवडीला हेतू नसतो. डार्विनचे अमेरिकेतील मोठे समर्थक, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि जिवांतील बदलांना देव दिशा देत असावा असे त्यांना वाटे. डार्विनला ते पटले नाही. त्याने 1860 साली ग्रे यांना लिहिले की, जिवंत सुरवंटाला आतून खाऊन वाढणाऱ्या गांधीलमाश्यांच्या जाती दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम निर्माण केल्या असतील, हे त्याच्या मनाला पटवता येत नाही. ही वेदना बाईंनी वर्गात सांगितली आहे का? की देवमाशाचे सुंदर उदाहरण घ्यायचे आणि सुरवंट वगळायचा?

मांजलपूरची पालक :

मी श्रद्धावान हिंदू आहे आणि माझी मुलगी यंदा दहावीला आहे. आमच्या घरी तिला सांगितले आहे की मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह या क्रमात आपल्या पूर्वजांना उत्क्रांती फार आधी कळली होती. तिने हे वर्गात सांगितले आणि तिच्या शिक्षिका जर ख्रिस्ती असल्या व त्यांनी 'हे विज्ञान नव्हे' असे म्हटले, तर तिला ते विज्ञान वाटेल की आमच्या धर्माचा अवमान? या शहरात हा प्रश्न लहान नाही.

विश्वामित्रीकाठी :

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचीच मला सर्वांत अधिक काळजी वाटते. दशावतारांविषयी असेच एका मुलाने दोन वर्षांपूर्वी विचारले होते. उत्तर देण्याआधी मी फळ्यावर उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा क्रम लिहिला : तिसऱ्या दिवशी वनस्पती, चौथ्या दिवशी सूर्य, पाचव्या दिवशी पक्षी, सहाव्या दिवशी जमिनीवरील पशू. मग मुलांना सांगितले की, हा माझा पवित्र ग्रंथ आहे, मी तो रोज वाचते, आणि खडकांतून दिसणारा क्रम याच्याशी जुळत नाही, कारण तो खडकांविषयी लिहिलेलाच नाही. त्यानंतरच मी अवतारांकडे वळले. माझ्या ग्रंथाला जी मोजपट्टी मी आधी लावली, तीच नंतर दुसऱ्याच्या ग्रंथाला लावली. आधी लावली नसती, तर दुसऱ्याला लावण्याचा अधिकार मला राहिला नसता. त्या मुलाच्या आईवडिलांकडून तक्रार आली नाही. मात्र माझ्याच मंडळीतून आली.

पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टिन यांनी हीच भीती बोलून दाखवली होती : निसर्गाविषयी जे अविश्वासी माणसालाही अनुभवाने ठाऊक आहे, त्याविरुद्ध ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, नावाने बोलू लागला, तर ऐकणाऱ्याने पुनरुत्थानाविषयीच्या त्याच्या शब्दावर विश्वास का ठेवावा?

दांडियाबाजारकरांना : सुरवंट मी वगळत नाही. ग्रे यांचे मत विज्ञान नव्हे हेही मला मान्य आहे आणि ते मी शिकवत नाही. वर्गात मी देवाचे नाव घेतले ते मुलांनी विचारल्यावरच. 'टीचर, तुम्ही चर्चला जाता, मग तुम्ही हे मानता का?' असा प्रश्न आला आणि मी 'होय' म्हटले. त्यावर गप्प राहिले असते, तर श्रद्धा आणि विज्ञान यांत एकालाच निवडावे लागते असा समज त्या वर्गातील श्रद्धाळू मुलांनी करून घेतला असता, आणि त्यांतील बहुतेकांनी घरचे निवडले असते.

फतेगंजच्या बंधूंना : मरणाविषयीच्या तुमच्या प्रश्नावर मी बराच काळ विचार केला आहे. बायबलमधील स्तोत्र 104 मध्ये तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि देवाकडे आपले अन्न मागतात. तेथे त्या शिकारीला पापाचे फळ म्हटलेले नाही. ती सृष्टीच्या स्तुतीतच गुंफलेली आहे. बायबलमधील दुःखी ईयोबालाही देव सिंहीण, डोंबकावळ्याची पिले आणि रक्त पिणारी गरुडाची पिले दाखवतो. म्हणून पौल ज्या मरणाविषयी बोलतो ते देवापासून तुटलेल्या माणसाचे मरण आहे, अशी माझी समजूत आहे. 'एक माणूस' या शब्दांबाबत मात्र माझ्याजवळ असे पक्के उत्तर नाही.

दांडियाबाजारकर :

वर्गात 'होय' म्हणण्यामागचे कारण मला पटले. सुरवंटाचे उत्तर मिळाले असे मात्र मी मानत नाही. स्तुतीत गुंफल्याने यातना कमी होत नाही.

फतेगंजचा रहिवासी :

स्तोत्र 104 चा दाखला मी स्वीकारतो. तो माझ्या ध्यानात आला नव्हता. परंतु ज्या प्रश्नाचे पक्के उत्तर आपल्याजवळ नाही असे तुम्ही म्हणता, तो प्रश्न मुलांना तुमच्याच तासिकेमुळे पडतो. वर्गात त्याविषयी बोलता येत नाही हे खरे. मग बाहेर कोण बोलणार? आमच्या युवकांच्या सभेत तुम्ही येऊन बसाल का?

विश्वामित्रीकाठी :

येईन. माझी विनंती एवढीच की, त्या सकाळी आधी सर्व मुलांना कमाटीबागेत घेऊन जाऊ, देवमाशाजवळ पुरेसा वेळ उभे राहू, आणि मग तुमच्या सभागृहात बसून रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडू. फादरांनाही बोलवा. जे मला सांगता येणार नाही, ते सांगता येत नाही असे मी मुलांसमोर म्हणेन.