जुन्या फॉन्टच्या परिवर्तकासाठी परवाना कोणता निवडावा? पेटंटबाबतही सल्ला हवा आहे

अक्षरजुळारी:

नमस्कार. मी नाशिकला असतो आणि माझा आतेभाऊ न्यू जर्सीला. आम्ही दोघांनी नोकरी सांभाळून, गेल्या चार वर्षांत, जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक आज्ञावली लिहिली आहे. ज्यांनी नव्वदच्या दशकातल्या डीटीपीच्या फाइली उघडून पाहिल्या आहेत त्यांना अडचण सांगायला नको: देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले, प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली आणि रफार नंतर. फाइलीत फॉन्टचे नाव उरलेले नसले, तरी लागोपाठ येणाऱ्या चिन्हांच्या जोड्या मोजून मांडणी ओळखण्याची एक रीत आम्हांला साधली आहे. एक छापखाना आणि एक सार्वजनिक वाचनालय वर्षभर ती वापरत आहेत.

आता हे सारे मुक्तस्रोत म्हणून, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला ठेवून, प्रसिद्ध करायचे आहे. ओळखीच्या एका वकिलांचे म्हणणे असे, की आधी या रीतीचे पेटंट घ्या, नाहीतर उद्या दुसराच कोणी ते घेईल आणि तुमच्यावरच दावा लावील. भाऊ म्हणतो, एमआयटी परवाना (श्रेय राखले की कोड कसाही वापरू देणारा) लावा आणि मोकळे व्हा. माझा कल जीपीएलकडे (पुढे वाटणाऱ्यालाही कोड खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याकडे) आहे, कारण आमचे काम कोणी बंद पेटीत घालून याच छापखान्यांना विकावे हे मनाला पटत नाही. शुद्धलेखनाच्या तपासणीसाठी एक तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला, आपल्या आज्ञावलीत जोडता येणारा कोड) जोडली आहे. तिच्या संकेतस्थळावर 'जीपीएल आवृत्ती २' एवढेच लिहिले आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

कलमनवीस:

वकिलांनी दाखवलेली भीती आणि सुचवलेला उपाय यांचा मेळ बसत नाही. कॉपीराइट तुम्ही लिहिलेल्या कोडवर असतो आणि तो लिहिताक्षणीच मिळतो. पेटंट रीतीवर असते, त्यामुळे दुसऱ्याने तुमची एक ओळही न पाहता तीच रीत स्वतःच्या बुद्धीने शोधून काढली तरी तो अडकू शकतो. मुक्तस्रोत परवाने उभे आहेत ते पहिल्या हक्कावर, आणि सॉफ्टवेअर पेटंटांवरचा सगळा वाद आहे तो दुसऱ्या हक्कामुळे.

आपल्याकडे पेटंट कायद्याचे कलम ३(के) गणिती पद्धती, व्यवसायपद्धती, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक आज्ञावली यांना शोध मानत नाही. ही तरतूद २००२ च्या दुरुस्तीने आली. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने तिला खिंडार पाडून, उद्योगातील तांत्रिक उपयोग असलेल्या किंवा हार्डवेअरशी जोडलेल्या आज्ञावलीला वाट करून दिली होती. संसदेने २००५ च्या दुरुस्ती कायद्यात ती वाट ठेवली नाही. तरीही दार पूर्ण बंद आहे असे समजू नये. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये 'निव्वळ' या शब्दावर भर दिला आणि शोधाला तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान असेल, तर केवळ तो आज्ञावलीवर आधारलेला आहे म्हणून अर्ज फेटाळता येत नाही, असे म्हटले. चिन्हांच्या जोड्या मोजून फॉन्ट ओळखणे हे माझ्या मते अल्गोरिदमच्याच खात्यात पडेल. अमेरिकेतही सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०१४ च्या ॲलिस निकालापासून अमूर्त कल्पना संगणकावर चालवली एवढ्याने पेटंट टिकत नाही. शिवाय तुमची रीत वर्षभर वापरात आहे. स्वतः उघड केलेल्या गोष्टीसाठी तिकडे एक वर्षाची सवलत असते, आपल्याकडे अशी सरसकट सवलत नाही. आणि भावाने उत्साहाच्या भरात तिकडे थेट अर्ज करू नये. सहसंशोधक भारतात राहणारा असल्यामुळे कलम ३९ नुसार आधी परवानगी, किंवा येथे अर्ज करून सहा आठवड्यांची वाट पाहणे, भाग आहे.

दुसरा कोणी उद्या पेटंट घेईल या भीतीवरचा साधा उपाय म्हणजे आजच, तारखेसह आणि रीतीच्या सविस्तर वर्णनासह, प्रसिद्ध करणे. आधी जाहीर झालेली गोष्ट नवी राहत नाही. असा अर्ज आपल्याकडे आलाच, तर मंजुरीपूर्वी कलम २५(१) खाली कोणीही हरकत घेऊ शकतो, त्यासाठी व्यवसायात असण्याची अट नाही.

मात्र हे संरक्षण पुढच्या अर्जांपासूनचे आहे, मागच्या पेटंटांपासूनचे नाही. जीआयएफ या चित्रफाइलींच्या प्रकाराची गोष्ट तशीच झाली. त्यातील एलझेडडब्ल्यू या फाइल लहान करण्याच्या पद्धतीवर अमेरिकेत १९८५ मध्ये पेटंट मंजूर झाले होते, कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये तीच पद्धत वापरून जीआयएफ आणले, आणि सात वर्षे जगभर चित्रे फिरल्यावर डिसेंबर १९९४ मध्ये पेटंटधारक युनिसिसच्या वतीने शुल्काची मागणी पुढे आली. कोड कोणी चोरला नव्हता. त्या संतापातून पीएनजी हा पर्यायी चित्रप्रकार जन्मला. अमेरिकेतील पेटंट २० जून २००३ रोजी संपले, पण तोवर जीआयएफ घडवणाऱ्या मोफत आज्ञावल्या लिहिणारे जीव मुठीत धरूनच होते.

दोनओळी:

पेटंटाविषयी वरील मताशी सहमत. परवान्याबाबत मी भावाच्या बाजूने आहे. वृत्तपत्रांच्या आणि प्रकाशकांच्या जुन्या प्रणालींत हा परिवर्तक शिरायला हवा असेल, तर जीपीएलचे नाव ऐकूनच अनेक ठिकाणचा विधी विभाग फाइल बाजूला ठेवतो. एमआयटी एका पानात मावतो आणि तो वाचायला वकील लागत नाही.

पारंब्या:

वकील लागत नाही हे खरे, पण पेटंटाविषयी तो चकार शब्द काढत नाही हीच त्याची उणीव आहे. वापरण्याची आणि विकण्याची मुभा दिली म्हणजे पेटंटाचीही मुभा त्यात आलीच, असे अनेक जण मानतात. पण ते मानणे झाले, लिहिलेले नव्हे. जानेवारी २००४ च्या अपाचे २.० परवान्यात प्रत्येक योगदानकर्ता आपल्या योगदानापुरती पेटंटाची परवानगी स्पष्ट शब्दांत देतो, आणि त्याच कामावरून जो पेटंटचा दावा लावील त्याची परवानगी संपते. जून २००७ च्या जीपीएल ३ मध्ये हेच काम कलम ११ करते. ही कलमे किती तोलून लिहावी लागतात ते रिॲक्ट या संकेतस्थळे घडवण्याच्या फेसबुकच्या लायब्ररीच्या प्रकरणात दिसले. फेसबुकने त्याला असे पेटंट कलम जोडले होते, की कंपनीवर कोणत्याही विषयावरचा पेटंट दावा लावला तरी परवानगी जाईल. जुलै २०१७ मध्ये अपाचे परवाना काढणाऱ्या अपाचे फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत ते वापरण्यास मनाई केली आणि सप्टेंबरमध्ये फेसबुकने कलम काढून एमआयटी स्वीकारला.

पण अक्षरजुळारी, तुमची खरी अडचण आवडीनिवडीची नाही. शुद्धलेखनाची लायब्ररी खरोखरच 'फक्त आवृत्ती २' असेल, तर तिच्याशी जोडलेली संपूर्ण आज्ञावली अपाचे २.० खालीही वाटता येत नाही आणि जीपीएल ३ खालीही नाही. दोन्हींचा जीपीएल २ शी मेळ बसत नाही. एमआयटीचा बसतो. म्हणूनच रस्ट या संगणकभाषेच्या मंडळींनी 'एमआयटी किंवा अपाचे २.०, घेणाऱ्याला हवा तो' अशी दुहेरी सोय ठेवली आहे. आधी त्या लायब्ररीच्या प्रत्येक फाइलीच्या माथ्यावरची टीप वाचा. संकेतस्थळे अर्धवट लिहितात.

आगगाडीवाला:

थोडे अवांतर, पण परवाने न्यायालयात टिकतात का अशी शंका कोणाच्या मनात असेल तर उपयोगी. रॉबर्ट जेकबसन हे कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ खेळण्यातल्या आगगाड्या चालवणारी एक मुक्तस्रोत आज्ञावली सांभाळत. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने आपल्या पेटंटचा भंग झाल्याचे सांगून त्यांच्याकडे दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम मागितली. जेकबसन यांनी २००६ मध्ये उलट दावा लावला आणि त्या ओघात उघड झाले, की कॅट्झर यांच्या उत्पादनातच या प्रकल्पाच्या फाइली, लेखकांची नावे गाळून, घेतलेल्या होत्या. ऑगस्ट २००८ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने ठरवले, की मुक्तस्रोत परवान्यातील अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, मग परवाना फुकट दिलेला का असेना. २०१० मध्ये तडजोड झाली आणि एक लाख डॉलर देण्याचे कॅट्झर यांनी मान्य केले. पेटंटची नोटीस पाठवणाराच परवान्यात सापडला, हा योग मला फार आवडतो.

अक्षरजुळारी:

सर्वांचे आभार. पारंब्या यांच्या सांगण्यावरून लायब्ररीच्या फाइली उघडल्या. परवान्याची जोडलेली प्रत आवृत्ती २ ची आहे, पण प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर 'आवृत्ती २, किंवा आपल्या इच्छेनुसार त्यानंतरची कोणतीही' असे स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे भावाशी बोलून असे ठरवत आहोत: फॉन्ट ओळखण्याचा आणि बदलण्याचा गाभा वेगळी लायब्ररी म्हणून अपाचे २.० खाली, आणि शुद्धलेखन तपासणीसह पूर्ण आज्ञावली जीपीएल ३ खाली. गाभा बंद पेटीत जाऊ शकेल याची चुटपुट आहे, पण दोनओळी यांचा मुद्दा पटला. पेटंटचा विचार सोडला. त्याऐवजी जोड्या मोजण्याची रीत दहा-बारा पानांत लिहून कोडसोबतच ठेवणार आहे. एक राहिले: वाचनालयातील एका तरुणाने दोन फॉन्टचे, कोणत्या चिन्हाच्या जागी कोणते अक्षर हे सांगणारे, तक्ते आम्हांला तयार करून दिले होते. त्याचे काय?

कलमनवीस:

त्या तक्त्यांत त्याची स्वतःची निवड आणि मांडणी असेल, तर त्यांचा कॉपीराइट त्याचा. ते काम नोकरीचा भाग म्हणून केले असेल तर बहुधा वाचनालयाचा. दोघांचीही लेखी संमती, परवान्याचे नाव आणि आवृत्ती लिहून, प्रसिद्धीपूर्वी घ्या. तक्ते द्या, पण मूळ फॉन्टच्या फाइली रिपॉझिटरीत (कोड ठेवण्याच्या जाहीर जागेत) टाकू नका, त्या तुमच्या नाहीत. आणि भावाला त्याचा नोकरीचा करार काढून वाचायला सांगा. घरी बसून लिहिलेल्या कोडवरही मालकाचा हक्क सांगणारी कलमे तिकडच्या करारांत सर्रास असतात. तसे काही असेल तर मालकाकडून हक्क सोडल्याचे पत्र हाती येईपर्यंत त्याचा भाग प्रसिद्ध करू नका.

अक्षरजुळारी:

करार मागवला आहे. वाचनालयात सोमवारी जाऊन येतो.