विषय: मंगळवारी कॅले – लाडू न्यायचे की नाही?

प्रेषक: श्री. (ल्यूटन)
रविवार, सकाळी ८.५२

मंडळी, घाईत आहे. मंगळवारी पहाटेच्या बोटीनं डोव्हरहून पहिल्यांदाच पलीकडे, फ्रान्सला जातोय. मोठी ट्रेलरची गाडी, लीलजवळ माल उतरवायचा आणि रिकामी परत. सीएमआर (मालाचा वाहतूक-कागद) ऑफिसनं हातात दिलाय, जीएमआर (कस्टम्सचा नंबर) फोनवर आलाय. प्रश्न वेगळाच आहे. घरी काल बेसनाचे लाडू झाले, आई म्हणते डबा भरून ने. डेपोतला एक जण म्हणाला, तुपाचं काही तिकडे नेता येत नाही. नाना, तुम्ही जायचात ना? डबा भरायचा की नाही, एवढंच सांगा. उद्या रात्री निघतोय.

प्रेषक: नाना
रविवार, सकाळी ९.२०

नको नेऊस. दूध, दही, चीज, तूप, मटण, सॉसेज यातलं काहीही ब्रिटनमधून युरोपात नेता येत नाही. ड्रायव्हरचा डबासुद्धा सुटत नाही. २०२१ च्या जानेवारीत नेदरलँड्सच्या हुक ऑफ हॉलंड बंदरात ड्रायव्हरांची हॅम सँडविचं काढून घेतली, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय. कढीपत्ता, मिरच्या, लिंबंही घरी ठेव. बिनकागदाची चालतात ती केळी, अननस, नारळ, खजूर आणि तो घाण वासाचा दुरियन.

डब्याची काळजी सोड, टॅकोची कर, म्हणजे चालवण्या-थांबण्याचे तास नोंदवणाऱ्या यंत्राची. बोटीत चढलास की फेरीवर टाक. मी नेहमी टाकायचो.

प्रेषक: माई (हॅरो)
रविवार, सकाळी १०.०५

नाना, लाडू म्हणजे तूप नव्हे. बेसन खमंग भाजलं की तूप पिठात मुरतं, ते परत काढून दाखवा बघू. केक-बिस्किटं चालतात ना? मग त्यात काय खोबरेल असतं? संक्रांतीच्या वेळी तिळगुळावरूनही तुम्ही असंच घाबरवलं होतंत, आणि नेणारे सुखरूप घेऊन गेले.

प्रेषक: साउदॅम्प्टनकर
रविवार, सकाळी १०.३१

> बोटीत चढलास की फेरीवर टाक

श्री., हे करू नकोस. फेरी मोड लागतो तो ११ तासांची विश्रांती बोटीवर घ्यायची असेल तेव्हा. ती फार तर दोनदा मोडता येते, दोन्ही मिळून एका तासाच्या आत, आणि झोपायला बंक हवा. डोव्हर–कॅले दीड तासाची, तिथे ४५ मिनिटांचा ब्रेक काढायचा. साडेचार तास चालवल्यावर तो लागतोच. टॅको साध्या ब्रेकवर ठेव, गाडी लॉक कर, वर जा. कॅलेला उतरलास की टॅकोत देश फ्रान्स आहे ना ते बघ, नसेल तर हातानं टाक.

नाना, राग मानू नका, पण तुम्ही सुरुवात केलीत तेव्हा टॅकोत कागदी चकती असायची.

प्रेषक: नाना
रविवार, सकाळी १०.४४

चकती होती म्हणून काय झालं, तास तेच होते. मी रात्रीच्या लांब बोटींबद्दल म्हणत होतो. असो.

प्रेषक: खजिनदार
रविवार, सकाळी ११.१५

सर्वांना नम्र विनंती, ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. वैयक्तिक चौकशी व्हॉट्सअॅपवर करावी. विषय डब्यांचा निघालाच आहे म्हणून: गणपतीच्या प्रसादाचे दोन स्टीलचे डबे अजून परत आलेले नाहीत. झाकणावर लाल रंगानं ‘म. मं.’ लिहिलंय.

प्रेषक: माई (हॅरो)
रविवार, सकाळी ११.२२

माझ्याकडे नाहीत. मी स्वतःचे नेले होते.

प्रेषक: कुलकर्णी काकू
रविवार, दुपारी १.४०

श्री., तू लीललाच चाललायस हे फार बरं झालं! माझा भाचा तिथेच शिकतो. दोन किलोचंच पार्सल आहे, चकली, चिवडा, थोडे अनारसे. मी उद्या संध्याकाळी ल्यूटनला आणून देते, तो गाडीपाशी येऊन घेऊन जाईल. पॅकिंग पक्कं करते, सगळीकडून टेप लावून.

प्रेषक: नाना
रविवार, दुपारी १.५१

वहिनी, टेप लावलेलं पार्सल ट्रकमध्ये? नाही म्हणजे नाही. ब्रेक्झिटनंतर एकदा मीही भिडेपोटी घेतलं होतं, अगदी ओळखीच्या माणसाचं. बंदरात बाजूला घेतलं. साहेबानं विचारलं, काय आहे? मी म्हटलं, मिठाई. उघडलं तर कैरीचं लोणचं, एक जोडी कोल्हापुरी चपला आणि तळाशी मेतकुटाच्या पुड्या. मेतकूट म्हणजे काय ते इंग्रजीत सांगता सांगता माझी बोट गेली. पिवळी पावडर, त्यात हातवारे करणारा मी! दोन तास बसवून ठेवलं. वर ऑफिसची बोलणी.

श्री., रविवारचं ऐक. फ्रान्समध्ये साडेसात टनांच्या वरच्या गाड्या शनिवारी रात्री १० पासून रविवारी रात्री १० पर्यंत रस्त्यावर आणायच्या नाहीत. तुझा मंगळवार आहे म्हणून ठीक, पण माल उतरवणारे लोंबकळत ठेवतात.

प्रेषक: साउदॅम्प्टनकर
रविवार, दुपारी २.१०

मंगळवारचा माल रविवारपर्यंत लोंबकळला तर नोकरीच बदल :)

स्टिकर लावलेत का? ‘आंग्ल मोर’, म्हणजे आरशात न दिसणारी जागा दाखवणारे. साडेतीन टनांच्या वर सगळ्यांना २०२१ पासून लागतात, दोन्ही बाजूंना आणि मागे. ऑफिस म्हणतं लावलेत, पण ट्रेलर बदलला की मागचा त्या ट्रेलरबरोबर जातो. निघताना स्वतः बघ. आणि मागे ‘यूके’ची पाटी हवी, जुनं ‘जीबी’ नको.

प्रेषक: श्री. (ल्यूटन)
रविवार, रात्री ९.३७

काकू, माफ करा, पार्सल नाही घेणार. आईलाही हेच सांगितलंय. पासपोर्ट ब्रिटिश आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसाचा प्रश्न नाही (तिघांनी वेगळ्या मेलवर विचारलं). स्टिकर आत्ता टॉर्च घेऊन पाहिले. डावा, उजवा आहेत. मागचा खरंच नाही. यार्डात सकाळी मागतो.

लाडवांचं अजून ठरत नाही. माईंचंही पटतं, नानांचंही.

प्रेषक: नाना
रविवार, रात्री ९.५५

लाडवांचं तू बघ, परतीचं मी सांगतो. कॅलेच्या आधीच्या २०० किलोमीटरांत थांबू नकोस, डिझेललाही नाही. रिकामा ट्रेलर म्हणजे आत शिरायला मोकळी खोली. माल उतरला की दार लाव, सील लाव, नंबर चेकलिस्टवर लिही. ताडपत्रीची दोरी बोटांनी चाचपत पूर्ण फेरी मार, कापून गोंदानं चिकटवलेली असते, नुसत्या नजरेला दिसत नाही. ॲक्सलवर टॉर्च मार, छतावर फुगवटा बघ. प्रत्येक थांब्यानंतर पुन्हा, वेळेसकट लिहून. आत माणूस सापडला तर माणशी १०,००० पौंडांपर्यंत दंड, आणि ड्रायव्हरलाही होतो, फक्त मालकाला नाही. गाडी नीट बंद केली नाही म्हणून ६,००० पर्यंत वेगळा.

प्रेषक: माई (हॅरो)
सोमवार, सकाळी ७.१५

येताना थोडं कॅमेंबेअर मिळालं तर...

प्रेषक: साउदॅम्प्टनकर
सोमवार, सकाळी ७.१८

माई! एप्रिल २०२५ पासून तिकडून चीजही आणता येत नाही. लाळ्या-खुरकतामुळे.

प्रेषक: श्री. (ल्यूटन)
मंगळवार, पहाटे ४.५०

डोव्हरच्या रांगेत आहे. पुढे चाळीसेक गाड्या असतील. फ्रेंच पासपोर्टवाले इथेच अलीकडे बसतात, हे मला माहीतच नव्हतं. आईनं शेवटी डबा दिलाच, अठरा लाडू. तपासणी पुढे आहे म्हणून सात खाल्ले, मागच्या गाडीतल्या रोमानियन ड्रायव्हरला चार दिले, तो आणखी मागतोय. राहिलेले त्याच्या शेजारच्याला देतो.

वर बोटीवर ड्रायव्हरांना जेवण मिळतं म्हणतात, पण आता भूक कुठाय.

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, सकाळी ८.०३

श्री., डब्याच्या झाकणावर लाल रंगानं काही लिहिलंय का?